आईच्या छातीत दुखत नाही, पण जबडा ठणकतोय आणि धाप लागतेय. हार्ट अटॅक असू शकतो का?

असू शकतो. बाकीचं नंतर वाचा, आधी 108 ला फोन लावा. गाडी यायला उशीर असेल तर रिक्षा करा, पण आईंना जिना चालत उतरवू नका आणि स्कूटरवर मागे तर मुळीच बसवू नका. तुम्ही लिहिलंय, वय 58, त्यात साखर, आणि सकाळपासून हा त्रास. त्या 'पित्त झालंय' म्हणतायत, तसं असेलही. पण ते ईसीजी आणि रक्त तपासल्यावर डॉक्टर ठरवतील.

माझी आईही पित्तच म्हणत होती. गौरीजेवणाचा दिवस. दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठ दुखत होती. पुरण वाटून भरून आली असेल म्हणून मी बाम चोळला. तिनं ओवा चावला. सवाष्णी जेवून उठू देत, मग पडते जरा, म्हणाली. शेवटी पंख्याखाली बसली तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि हात लावला तर अंग गार! जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. रात्री मोठ्या हॉस्पिटलात पहिला ईसीजी साधाच आला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तरी सोडलं नाही. अर्ध्या तासानं पुन्हा काढला, त्यात फरक दिसला. रक्तातलं ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं. पहाटे स्टेंट बसला.

नंतर ती म्हणते, "छातीत गच्च भरल्यासारखं होत होतं गं, पण दुखत कुठं होतं?" म्हणजे आम्ही विचारत होतो 'दुखतंय का', आणि ती खरंच सांगत होती, नाही. म्हणून आईंना विचारा : छातीत जड, आवळल्यासारखं, जळजळल्यासारखं काही वाटतंय का? बायकांनाही छातीतलाच त्रास सगळ्यात जास्त होतो. फक्त त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी जबडा, मान, पाठ, मळमळ, धाप, गळून जाणं हे त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. साखरेनं नसा बधिरल्या असतील तर कळ जाणवतही नाही.

कॅज्युअल्टीत 'पित्त' हा शब्द काढूच नका. "जबडा दुखतोय, धाप लागतेय, साखर आहे, ईसीजी काढा," एवढंच म्हणा. पोचल्यापासून 10 मिनिटांत तो निघायला हवा. नॉर्मल आला तरी लगेच घरी निघू नका. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, ते पुन्हा तपासणार का ते विचारा. बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, मशेरी लावतात का, हेही आपणहून सांगा. सहसा कुणी विचारत नाही, आणि मशेरीचं तर सासूबाई सुनेसमोर कबूलही करत नाहीत.

अ‍ॅस्पिरिन द्यायची का, ते 108 वर विचारून मगच द्या. जुनी फाइल शोधत बसू नका, गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो पुरतो. काय निघालं ते सावकाशीनं इथे कळवा.