टँकरची वर्गणी थकली म्हणून सोसायटी पाणी तोडू शकते का?

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या 24 फ्लॅटच्या सोसायटीत आमचा वन-बीएचके आहे. पाणीकपातीमुळे टँकर मागवतात, खर्च सगळ्यांना सारखा. आम्ही दोघंच राहतो, म्हणून दोन महिने वर्गणी दिली नाही. कमिटीने गच्चीवरचा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घातलं. गाडी धुतली म्हणून 1,000 रुपये दंडही बिलात चढवला. काय करावं?

उत्तर : कुलूप बेकायदा आहे. पैसे मात्र तुम्ही देणं लागता, फक्त आकडा वेगळा निघेल.

थकबाकीसाठी सोसायटीला सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-29 खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो. पाणी तोडणं हा वसुलीचा मार्ग नव्हे. आजच कुलपाचा तारखेसह फोटो घ्या. सचिवांना लेखी पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल. पाणी सुरू करायला 24 तासांची मुदत पुरे. नाही जुमानलं तर सहकार न्यायालयात कलम 91 खाली दावा आणि त्यातच कलम 95 खाली अंतरिम आदेशाचा अर्ज. पोलीस बहुतेक वेळा ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतात. कुलूप स्वतः तोडू नका, नाहीतर तक्रारदार तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच!

आता पैशांचं. ‘दोघंच राहतो’ हा मुद्दा टिकणार नाही, कारण माणसं मोजून पाणीपट्टी लावत नाहीत. पण सरसकट समान वर्गणीही चूक. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) पाण्याचं शुल्क प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून लावायचं असतं, आणि टँकर म्हणजे पाणीच. समजा महिन्याचं बिल 66,000, तुमच्यासारख्या बारा फ्लॅटना 4 नळ आणि बारांना 7, सगळे एकाच आकाराचे. एकूण नळ 132, म्हणजे नळामागे 500. तुमचे 2,000 होतात, समान वाटणीत 2,750 लागतात. तुमच्या हिशेबाने निघणारी रक्कम लगेच ऑनलाइन भरा आणि ‘हरकत राखून’ असं पत्रात लिहा. काहीच न भरता न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न तोच येईल.

टँकरची चलनं आणि नोंदवहीही बघायला मागा. जमिनीखालची टाकी 5 बाय 4 मीटरची असेल तर 10,000 लिटरने पातळी बरोबर 50 सेंटिमीटर चढायला हवी. पंप बंद ठेवून काठी बुडवून बघा. पस्तीसच चढली, तर भांडण तुमच्या वर्गणीचं नसून टँकरवाल्याचं आहे.

दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, कमिटीचा नाही. आणि आधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. ठरावाची प्रत मागा. महापालिकेच्या आदेशाचा हवाला देत असतील, तर तो दंड महापालिकेने घ्यायचा, सोसायटीने नव्हे. तरी कपात असेपर्यंत गाडी ओल्या फडक्याने पुसा. पाणीकपात चालू असताना पाइप लावून धुणाऱ्याची बाजू कुणी घेत नाही.

एक खात्री आधी करून घ्या. पुण्यात ‘सोसायटी’ म्हणतात त्या बऱ्याच इमारती कागदोपत्री सहकारी संस्था नसून अपार्टमेंट, म्हणजे वेगळ्या कायद्याखालच्या, असतात. तसं असेल तर खर्च नळांवर नाही, डीड ऑफ डिक्लरेशन या नोंदणीच्या दस्तात लिहिलेल्या, सामाईक मालकीतल्या तुमच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो आणि वरची कलमंही बदलतात.