गावच्या पाडलेल्या घराच्या लाकडातून वर्कशॉप : आधी लांब्या मोजा, मग नकाशा काढा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. गुहागरकडचं जुनं घर उतरवलंय, सागाच्या पाच तुळया आहेत १४ फुटी, ५ बाय ६ इंचाच्या, वासे बहुतेक ऐनाचे ९ फुटी, फणसाची दोन दारं चौकटीसकट, मंगलोरी कौलांचा ढीग. आणि परसात १० बाय १२ ची शेड बांधून त्यात सुतारकामाचं वर्कशॉप करायचंय, बाहेरून विकत कमीत कमी आणायचं. वर विचारलंय की तुळया सॉ मिलवर चिरून बेंचला फळ्या काढू का.

चिरू नका. मिलवाला बहुतेक घेणारच नाही, जुनं लाकूड म्हटलं की त्याला आत राहिलेला खिळा दिसतो आणि एक खिळा म्हणजे त्याचं पातं गेलं, आणि घेतलंच तर पात्याचे पैसे तुमच्या बोकांडी. पण माझा मुद्दा तेवढाच नाहीये. तुमचा १० बाय १२ हा आकडा कुठून आला? बहुतेक कुठल्यातरी व्हिडिओतून. तुमच्याकडे जे लाकूड आहे त्याच्या लांब्या ठरलेल्या आहेत, आणि जुनं लाकूड जितकं कमी कापाल तितकं ते उपयोगी, कारण लांब सरळ सागाची तुळई आज विकत घ्यायला गेलात तर भाव ऐकून परत याल. म्हणून शेड लाकडाच्या मापाने आखा.

आता हिशोब बघा. कौलांना उतार चांगला लागतो, आपल्याकडच्या पावसाला ३० अंशाच्या आसपास धरा, त्याहून चपटं पाखं केलंत तर वाऱ्याबरोबर पाणी कौलाखालून आत शिरतं. ९ फुटी वासा ३० अंशात ठेवला की आडवा साधारण पावणेआठ फूट जातो. त्यातले दीड फूट वळचणीला बाहेर सोडा (कोकणात याच्याखाली उतरू नका, पागोळ्या भिंतीवर आल्या की संपलं), उरले सव्वासहा. दोन्ही बाजू मिळून साडेबारा फूट. म्हणजे तुमची रुंदी १० नाही, साडेबारा, आणि एकही वासा कापायचा नाही. १० फूटच हवी म्हणून अडून बसलात तर प्रत्येक वाशाचा दीड फूट सरपणात जाणार. आणि गंमत म्हणजे १४ फुटी तुळई साडेबारा फुटावर बरोबर या भिंतीवरून त्या भिंतीवर टेकते, दोन्हीकडे थोडी बाहेर राहते, तीही न कापता बसली. अशा दोन तुळया आडव्या टाका, वाशांच्या रेट्याने भिंती बाहेर ढकलल्या जातात ते त्या धरून ठेवतील, वर फळ्या टाकल्या की पावसाळ्यात लाकूड सुकवायला माळाही मिळतो. लांबी मात्र १२ ऐवजी १५-१६ ठेवा जागा असेल तर, वर्कशॉप कधीच मोठं वाटत नाही. आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) कशाचं करणार ते लिहिलेलं नाहीये, दोन तुळया बेंचला ठेवल्या की उरते ती पाचवी तुळई आणि अजून एखादा तुकडा जोडून होईल, जोड मात्र खांबावर किंवा भिंतीवर येऊ द्या, अधांतरी नको.

हे सगळं करण्याआधी ढीग उपसून वर्गवारी. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक लाकडाच्या टोकांना टोचत जा, विशेषतः जी टोकं भिंतीत होती ती. घर पाडताना मधला भाग ठणठणीत दिसतो आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं. टोचल्यावर आत जातंय तिथून अजून वीतभर पुढे, ठणठणीत लाकूड लागेपर्यंत कापायचं, तेवढं कापणं मान्य. सागाला भोकं दिसली म्हणून घाबरू नका, भुंगा बहुतेक सालीजवळचा पांढरा भाग खातो, आतला गाभा सोडतो, वाकसाने किंवा रंध्याने पांढरा भाग काढला की काम झालं. आंब्याचं किंवा जंगली लाकूड ढिगात असेल तर ते बाजूला, भाराला अजिबात वापरू नका. भुंगा अजून जिवंत आहे की जुनीच भोकं आहेत हे कळायला खाली काळा कागद पसरून ठेवा काही दिवस, ताजी पावडर पडली तर आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात मारले की आतल्या कामासाठी पुरतं, पण पावसात ते धुऊन जातं म्हणून वळचणीबाहेरच्या टोकांना उपयोग नाही. तिथे आपलं काजूच्या टरफलाचं तेल, तुमच्याकडच्या काजू कारखान्यांत विचारा, होडीवाले लावतात तेच. ग्लोव्ह्ज घालूनच, बिब्ब्यासारखं उततं. जळकं ऑइल लावा असं कोणीतरी सांगेलच, मला ते वर्कशॉपमध्ये अजिबात पटत नाही, भुसा आणि तेल एकत्र आणि वर ग्राइंडरच्या ठिणग्या.

खिळे. यात वेळ जातो आणि जाऊ द्यायचा. अंबूर, पहार, आणि जुन्या स्पीकरचं चांगलं लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवा, जिथे ओढ घेतं तिथे खडूने खूण. सागावर काळपट डाग दिसला की आत लोखंड आहे असंच समजा. मोडलेला खिळा निघत नसेल तर आजूबाजूचं लाकूड पटाशीने कोरून पकडीत घ्या, नाहीतर तो तुकडा रंध्यापासून लांब असलेल्या कामाला टाका. ऐनाच्या वाशांना नवीन खिळा थेट मारू नका, वाकतो किंवा लाकूड फुटतं, आधी ड्रिल.

आता बेंच. दोन तुळया उरल्या ना. त्या मधोमध कापा (हो, इथे कापायचं), सात फुटी चार तुकडे, ६ इंची बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवा, २४ इंच रुंद आणि ५ इंच जाड टॉप तयार. चिरायचं नाही, मिल नाही, फक्त वरून रंधा. वजन शंभर किलोच्या वर जाईल, तेच तर पाहिजे, रंधा मारताना बेंच सरकला की सगळी मजा जाते. चिकटवायच्या भानगडीत पडू नका. साग मुळात तेलकट, त्यात जुना पृष्ठभाग, गोंद धरायला तो ताजा रंधून थिनरने पुसून लगेच लावावा लागतो आणि एवढ्या जाड तुकड्यांना पुरतील एवढे क्लॅम्प तुमच्याकडे नसणार. त्याऐवजी आरपार भोकं पाडून १२ मिलिमीटरच्या थ्रेडेड रॉड टाका तीन ठिकाणी, दोन्हीकडे मोठे वॉशर आणि नट. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की नट आवळायचे. सागाची फुटभर रुंद फळी पावसाळा आणि मे महिना यांच्यात दोन-अडीच मिलिमीटर हलते आपल्या हवेत, आणि साग त्यातल्या त्यात गुणी, बाकीची लाकडं याहून जास्त नाचतात. म्हणून बेंचच काय, दारापर्यंत काहीही करताना रुंदीला घट्ट स्क्रूने बांधून टाकू नका, भोक लांबट ठेवा.

एवढ्या जाड टॉपमध्ये होल्डफास्ट (बेंचच्या भोकात ठोकून लाकूड दाबून धरणारा लोखंडी आकडा) पकडत नाही, भोक खालून रुंद करून वरचे तीनेक इंचच घट्ट ठेवा, मग धरतं. उंची तुमच्या मनगटाच्या हाडाएवढी, रंध्याचं काम जास्त असेल तर इंच-दोन इंच कमी. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायात लाकूड धरून सगळं करायचे आणि त्यांचं काम बघा, त्यामुळे बेंचशिवाय अडतं असं नाही, पण आपली कंबर त्या सवयीची नाही.

फणसाची दारं चिरू नका प्लीज, वर्कशॉपलाच दारं लावा, चौकट आहेच. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झालाय, त्याआधीच्या रंगात किती असेल देव जाणे. पेंट स्ट्रिपर लावून ओलं खरवडा, खरवड गोळा करून बांधून ठेवा, परसात उडवू नका, लहान मुलं असतील तर जास्तच. तसंच सागाची धूळ. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण म्हणून मान्य झालेली गोष्ट आहे, एन-९५ मास्क नाक झाकूनच घाला आणि सँडर बाहेर पडवीत चालवा.

कौलं मोजायची असतील तर १०० चौरस फुटाला दीडशे धरा, फुटकी वगळून. एखाद्यावर बासेल मिशनचा (मंगलोरी कौलांचे जुने कारखानदार) शिक्का दिसला तर ते छपरावर घालू नका, ठेवून द्या. रीपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका, दोन-चार कौलं खाली मांडून त्यांची पकड कुठे येते ते बघून ठरवा, जुन्या कारखान्यांची मापं थोडी थोडी वेगळी असतात. रीपा मात्र नवीन आणा, जुन्या बहुतेक कुजलेल्याच निघतात.

भिंती चिऱ्याच्या, जोतं दीड फूट, लाकडाचा एकही खांब मातीत पुरायचा नाही, वाळवीला आमंत्रण. लोटे एमआयडीसीत पॅलेट स्वस्त मिळतात म्हणालात ना, रॅकसाठी घ्या पण शिक्का बघून, एचटी असेल तर ५६ अंशावर अर्धा तास तापवलेलं, एमबी असेल तर औषध मारलेलं, ते नको. आणि शिक्का काहीही असो, तो पट्टा केमिकलचा आहे, डाग पडलेलं किंवा वास येणारं पॅलेट फुकट दिलं तरी आणू नका.

वायरिंग गावातल्या वायरमनकडून नीट करून घ्या, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) आणि खरं अर्थिंग, पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून ग्राइंडर चालवायचाय. आणि हे लाकूड पुढेमागे पुण्या-मुंबईला न्यायचा विचार असेल तर ट्रक भरण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा, सागाच्या वाहतुकीला पास लागतो, जुन्या घराचं आहे हे नाक्यावर समजावत बसू नका.

तुळयांच्या दोन्ही टोकांचे फोटो टाका, टोचून झाल्यावरचे, आणि मधे कुठे खाचा आहेत का तेही लिहा. खाच तुळईच्या खालच्या बाजूला असेल तर ती छपराला न वापरता बेंचला घ्यायची, म्हणजे कुठल्या दोन वर जातील आणि कुठल्या दोन बेंचला हे तेव्हा सांगता येईल.