आजीच्या डब्यातील गोळ्या

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. सासूबाईंना डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली आहे. परवा त्यांचा डबा आवरताना तळाशी कात्रीने नीट कापून ठेवलेले रिकामे पाकीट सापडले. विचारल्यावर, 'अभ्यासाच्या ताणाने झोप येत नव्हती म्हणून घेतल्या,' असे तो म्हणाला. हे त्याच्या वडिलांना सांगावे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलाने तुम्हाला खरे सांगितले आहे; रागाच्या भरात तो विश्वास घालवू नका. वडिलांना जरूर सांगा, पण आधी त्याच्याकडून दोन गोष्टी शांतपणे जाणून घ्या : गोळ्या किती दिवस घेतल्या, आणि त्यासोबत दारू किंवा कोडीन (अफूच्या वर्गातले गुंगी आणणारे द्रव्य) असलेले खोकल्याचे औषध घेतले का. ही औषधे एकत्र घेतली की श्वास मंदावतो आणि जीवही जाऊ शकतो. त्याला हलवून उठवूनही तो नीट जागा होत नसेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

गोळ्या रोज, काही आठवडे घेतल्या असतील, तर त्या एका दिवसात बंद करायला लावू नका, कारण अचानक थांबवल्यास आकडीचे (फिटचे) झटके येण्याचा धोका असतो. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञांचे आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

डब्याला कुलूप लावा, गोळ्या मोजून ठेवा आणि त्या दिवशी लागणारीच गोळी सासूबाईंच्या हाती द्या. हे का करत आहात, ते त्यांना समजावून सांगा. नाहीतर आपल्यावरच संशय घेतला जातो आहे, असे वाटून त्या माऊलीचे मन दुखावेल. त्यांची गोळीही परस्पर बंद करू नये.

मुलाने गोळ्या दुकानातूनही आणल्या असतील, तर तेही विचारा. अल्प्राझोलाम औषध नियमांतील 'एच-1' या कडक नियंत्रणाच्या सूचीत आहे. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विक्रेत्याला डॉक्टर व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण नोंदवून ती नोंदवही 3 वर्षे जपावी लागते. कोणी तशीच विकत असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणि त्याची झोप का उडाली आहे, हे वडिलांसमोर त्यालाच बोलू द्या. तेव्हा तुम्ही शेजारी बसा.