हातून सुटलेली चाल

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बुद्धिबळाच्या डावात घोडा खेळायचा होता, उचलला गेला उंट, आणि समोरच्यानं पंचांना बोलावून उंटच खेळायला लावला. तुझा राग अक्षरातूनही कळला. तरी सांगतो, पंचांचा निर्णय बरोबर होता: ज्या मोहऱ्याला हात लावला, तोच खेळायचा.

चुकून झालेल्या स्पर्शाला फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत माफी आहे. बाही लागून प्यादं पडलं, घड्याळाकडे जाताना मनगट हत्तीला घासलं, तर मोहरा जागेवर ठेवायचा, तोही आपल्या वेळेत. पण तू उंट चिमटीत धरून उचललास. मनात घोडा होता हे मला पटतं. पंचांनी ते कशावरून मानायचं? उंट उचलल्यावर ज्याला आपली चूक कळली, तोही अगदी हेच सांगेल.

2016 च्या मॉस्कोतल्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, ग्रँडमास्टर नाकामुरानं राजाला हात लावला आणि 'नीट करतोय' असं म्हटलं. समोरच्या आरोनियननं ते मानलं नाही. राजाच खेळावा लागला आणि डाव गेला. सरळ करायचा असेल तर आधी बोलायचं, मग हात लावायचा.

तक्रारीचंही तसंच. 1994 ला स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत जगज्जेत्या कास्पारोव्हनं घोडा एका घरात ठेवला, क्षणभर बोटं सुटली, म्हणजे चाल झालीच होती, तरी त्यानं तो दुसऱ्या घरात नेला. कॅमेऱ्यानं ते टिपलं. समोर 17 वर्षांची जुडिट पोल्गार होती. ती त्या वेळी काही बोलली नाही. आपण मोहऱ्याला हात लावला की तक्रारीचा हक्क संपतो. म्हणून समोरच्यानं पंचांना बोलावलं यात त्याचा कोतेपणा पाहू नकोस. तुझ्यावर वेळ आली तर तूही संकोच करू नकोस.

ऑनलाइन माऊस घसरतो तेव्हा मात्र मलाही हळहळ वाटते. वजीर एक घर अलीकडे पडतो, सगळ्यांना दिसतं की हे कुणी मुद्दाम खेळणार नाही. तरी स्पर्धेत ती चाल धरलीच पाहिजे. उघड घसरलेली माफ केली, की अर्धवट घसरलेल्यांवरून रोज वाद. मैत्रीच्या डावात खुशाल परत दे.

चाल ठरेपर्यंत हात मांडीवर ठेव. आणि तुझा हात लागलेला समोरच्यानं पाहिला नसला, तरी तोच मोहरा खेळ. एकदा समोरचा चाल लिहीत असताना माझा हात भलत्याच हत्तीवर पडला होता. तोच खेळलो, प्यादं गेलं, अजून आठवतं.

तो डाव पूर्ण लिहून पाठव. उंटाच्या त्या चालीनंतरही तुझा राजा सुरक्षित होता. डाव तिथे हरला होता असं मला वाटत नाही.