वाचकांचे प्रश्न : कोणत्या कामाला कोणते रिफ्लेक्टर जॅकेट?

औद्योगिक सुरक्षेच्या या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रेडियमच्या पट्ट्या असलेल्या जॅकेट्सविषयी आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या संस्थेत रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत आणि पहाटे आवार व समोरचा रस्ता झाडणाऱ्या महिला आहेत. त्यांच्यासाठी जॅकेट्स घ्यायला गेलो असता दुकानदाराने नारिंगी आणि पोपटी-पिवळ्या रंगांत स्वस्त व महाग असे दोन्ही प्रकार दाखवले. आम्हाला सगळे सारखेच वाटले. काय पाहून निवड करावी?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, कोथरूड

उत्तर : रंग कोणता, हा प्रश्न नंतरचा. हा माणूस कोणाला दिसायला हवा, किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात, एवढे आधी ठरवावे. त्यानंतर जॅकेट आपोआप ठरते.

या जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या दोन वेगळ्या वेळी काम करतात. झगझगीत कापड सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि काही निळा प्रकाश शोषून घेते आणि तीच ऊर्जा पिवळ्या किंवा नारिंगी रंगाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणूनच ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला, जेव्हा बाकीचे रंग मंद पडतात, तेव्हा ते भोवतालापेक्षा उजळ दिसते. पूर्ण अंधार पडला की मात्र त्याचा हा गुण संपतो, कारण गाडीच्या दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतातच. तिथून पुढचे काम पट्टीचे. पट्टीतले काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म लोलक समोरून आलेला प्रकाश इतस्ततः न विखुरता आला त्याच दिशेने परत पाठवतात, त्यामुळे दिव्यांच्या मागे बसलेल्या चालकाला ती पट्टी लांबून लखलखताना दिसते.

आपल्या सुरक्षारक्षकांना प्रवेशद्वाराच्या दिव्याखाली, फाटकाच्या आत उभे राहायचे असेल, तर साधे जॅकेट चालेल. झाडणाऱ्या महिलांची गोष्ट वेगळी आहे आणि पैसे तिथेच खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे त्यांचे निम्मे काम अंधारात आणि उरलेले झुंजूमुंजू उजेडात होते. त्यांना कापड आणि पट्टी दोन्ही चांगल्या प्रतीची हवीत. शिवाय हे काम वाकून करायचे आहे. कंबरेत वाकलेल्या बाईच्या मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला तिची पाठ दिसतच नाही, दिसतात ते कंबर आणि पाय. छातीवरची पट्टी तर जमिनीकडे तोंड करून असते. त्यामुळे कंबरेपर्यंतच्या आखूड जॅकेटऐवजी गुडघ्यापर्यंत येणारा, खालच्या काठाजवळही पट्टी असलेला कोट शिवून घेणे उत्तम. पदर कोटाच्या आत राहील अशी व्यवस्था हवी, कारण बाहेर राहिलेला पदर पाठीवरची पट्टी झाकून टाकतो.

आता दुकानात करायची परीक्षा. बाजारात पट्ट्या एक इंची आणि दोन इंची अशा मिळतात. रस्त्यावरच्या कामासाठी दोन इंचापेक्षा कमी घेऊ नये. मग जॅकेट दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगायला सांगावे, दहाबारा पावले मागे जावे, मोबाइलचा दिवा लावून तो डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरावा आणि पाहावे. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटून उठते. नुसता चंदेरी रंग लावलेली पट्टी राखाडीच राहते. दिवा छातीशी धरला तर ही परीक्षा फसते, कारण परत येणारा प्रकाश दिव्याकडे जातो, डोळ्यांकडे येत नाही. अशा कपड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५८०९ हे मानक आहे; त्याचा उल्लेख आतल्या लेबलवर आहे का, तेही पाहावे.

प्रश्न : आमची कंपनी मुंबई-बंगळूर महामार्गाच्या पुण्याजवळच्या बाह्यवळणावर रात्री दुरुस्तीची कामे करते. ठेकेदाराने सर्व मजुरांना बिनबाह्यांची जाळीची जॅकेट्स दिली आहेत. ती पुरेशी आहेत का?
— साइट इंजिनिअर, वारजे

उत्तर : नाहीत, आणि कारण साध्या हिशेबात आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत गाडी थांबवण्यासाठी लागणारे दृष्टीअंतर ताशी ६० किलोमीटर वेगाला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर धरले आहे. यात चालकाला धोका उमगून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अडीच सेकंद गृहीत धरलेले आहेत. ८० च्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी ५५ मीटर पुढे आलेली असते. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर भरलेल्या ट्रकचे काय होते, हे आपल्याला मी सांगायला नको. आपला मजूर १२० मीटरवरून नुसता चमकून चालणार नाही, तो माणूस आहे हे चालकाला तेवढ्या अंतरावरून कळले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ मध्ये या कपड्यांचे तीन वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गाला किमान ०.५० चौरस मीटर झगझगीत कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. तिसऱ्या वर्गाला अनुक्रमे ०.८० आणि ०.२०. म्हणजे पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी दुसऱ्या वर्गात सुमारे २.६ मीटर आणि तिसऱ्या वर्गात ४ मीटर लांबीची झाली पाहिजे. शिंप्याची टेप घेऊन आपण हे साइटवरच मोजू शकता, आणि मोजाच. तिसऱ्या वर्गात धडाबरोबरच पूर्ण बाह्या किंवा पूर्ण लांबीची पँटही असावी लागते. नुसते बिनबाह्यांचे जॅकेट त्या वर्गात कधीच बसत नाही. वेगवान वाहतुकीलगत रात्री काम करणाऱ्या प्रत्येकासाठी, झेंडा दाखवणाऱ्या माणसासाठी तर अवश्य, मी तिसऱ्या वर्गाचाच आग्रह धरेन.

बाह्यांचा आणि पँटचा हा आग्रह उगाच नाही. मनगट, गुडघे आणि घोटे हलताना दिसले की डोळा ती हालचाल माणसाची म्हणून चटकन ओळखतो. फक्त छातीवर पट्टी असलेला, न हलणारा मजूर अंधारात बॅरिकेडवरच्या पट्टीसारखाच दिसू शकतो. आपल्याकडचे बॅरिकेड आणि शंकू नारिंगी असतात, म्हणून त्यांच्यात उभे राहणाऱ्याला पोपटी-पिवळा रंग द्यावा. उलट पावसाळ्यात हिरव्यागार झालेल्या घाटात, किंवा उसाच्या फडालगतच्या रस्त्यावर, पोपटी रंग झाडीत मिसळतो. तिथे नारिंगी बरा. (रेल्वेमार्गावरही नारिंगी रंगाला पसंती असते; ब्रिटिश रेल्वेने १९६४ मध्ये ग्लासगो येथे अशा जॅकेट्सची चाचणी घेतली होती.)

जाळीच्या कापडाविषयी एक गोष्ट ठेकेदाराच्या बाजूने सांगतो : एप्रिल-मे महिन्यांत बंद विणीचे पॉलिस्टर अंगावर सहन होत नाही, आणि सहन न झालेले जॅकेट दुपारपर्यंत दगडावर टांगलेले असते. दिवसपाळीला बारीक जाळी चालेल, मात्र भोके मोठी नसावीत. भोकांतून आतला मळकट सदराच दिसत असेल, तर झगझगीत कापडाचे क्षेत्रफळ तेवढे घटले असे समजावे. आणि पुढची चेन किंवा वेल्क्रो बंदच हवे. उघड्या जॅकेटच्या दोन्ही बाजू वाऱ्याने मागे जातात आणि समोरून येणाऱ्याला पट्टी दिसेनाशी होते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात गोदाम, फोर्कलिफ्ट, वेल्डिंग आणि लेथ असे सर्व विभाग आहेत. सर्वांना एकाच प्रकारची जॅकेट्स घेतली तर चालेल का? खरेदी विभागाचा तसा विचार आहे.
— पर्यवेक्षक, चाकण

उत्तर : कृपया तसे होऊ देऊ नका. साधे जॅकेट पॉलिस्टरचे असते आणि पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. वेल्डरला ज्वालारोधक कापडाचे कपडे लागतात; त्यावर झगझगीतपणा हवा असेल, तर तोही मोडॅक्रिलिकसारख्या ज्वालारोधक धाग्याचाच असावा आणि पट्टीही त्याच जातीची. लेथ, ड्रिल किंवा कन्व्हेयरवर तर सैल जॅकेट घालूच नये, कारण फिरणारा भाग कापड पकडून माणसाला आत ओढतो. तिथे झगझगीत रंगाचा अंगाबरोबर बसणारा शर्ट द्यावा. यंत्रांजवळून सतत ये-जा करणाऱ्यांना खांद्यावर आणि कडेला वेल्क्रोने जोडलेले, ओढ बसताच सुटून येणारे जॅकेट मिळते, ते घ्यावे.

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यापेक्षा तिच्या वाटेत पायी फिरणाऱ्यांना जॅकेटची गरज अधिक आहे. गोदामात अतिनील किरण फारसे पोहोचत नाहीत, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. फोर्कलिफ्टचे दिवे दिवसाही लावलेले असावेत, म्हणजे पट्टी उजळेल.

प्रश्न : माझा मुलगा रात्री दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करतो. त्याला मी चांगले जॅकेट आणून दिले, पण पाठीवर मोठी चौकोनी पिशवी असते आणि पावसात तो वरून काळा रेनकोट घालतो. मग त्या जॅकेटचा काय उपयोग?
— एक आई, धायरी

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. झाकलेले जॅकेट नसल्यासारखेच. त्याच्या कामात सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या गाडीचा आहे आणि त्या गाडीला त्याची पिशवीच दिसते, तेव्हा पट्टी पिशवीवर लावा. दोन इंच रुंदीची पट्टी तिन्ही उघड्या बाजूंना आडवी, शक्य तर शिवून घ्यावी; नुसती चिकटवलेली पट्टी पावसात सुटते. रेनकोट काळा न घेता मुळातच झगझगीत रंगाचा आणि पट्टीचा घ्यावा. ओली झाल्यावर काही पट्ट्यांची चमक बरीच उतरते, म्हणून घरी पट्टीवर पाणी शिंपडून पहिल्या उत्तरातली मोबाइलची परीक्षा पुन्हा करून पाहा. शिरस्त्राणाच्या मागच्या बाजूलाही एक तुकडा लावा. घोट्यांना बांधायच्या पट्ट्या मिळतात, त्याही घेऊन द्या. गाडी उभी करून तो इमारतीकडे चालत जातो, तेव्हा त्या उपयोगी पडतील. गणपतीच्या दिवसांत शहरभर भगवे झेंडे आणि कुर्ते असतात, त्यामुळे नारिंगीपेक्षा पिवळा रेनकोट बरा.

प्रश्न : ही जॅकेट्स कशी धुवावीत आणि किती दिवस वापरावीत?
— वाचक, भोसरी

उत्तर : साध्या साबणाने, हलक्या हाताने. ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, पट्टीवर इस्त्री फिरवू नये, दगडावर आपटू नये आणि घासणी तर लावूच नये, कारण काचेचे मणी निघून जातात. वाळत सावलीत घालावे. ज्या उन्हात हे कापड उजळते, तेच ऊन त्याचा रंग उडवते. चांगल्या जॅकेटच्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते टिकते, याचा आकडा असतो. तो नसेल, तर एक नवे जॅकेट कोठीत न वापरता ठेवावे आणि दर महिन्याला जुनी जॅकेट्स दिवसाच्या उजेडात आणि मोबाइलच्या दिव्यात त्याच्याशेजारी धरून पाहावीत. फरक नजरेला सहज कळत असेल, तर जॅकेट बदलावे. डांबर, ग्रीस किंवा सिमेंटने माखलेल्या जॅकेटलाही हेच लागू आहे.

बदललेली जुनी जॅकेट्स मात्र नव्याने आलेल्या रोजंदारीच्या मजुराला देऊ नयेत. साइटची माहिती नसलेल्या माणसाला सर्वांत चांगले जॅकेट लागते आणि प्रत्यक्षात त्याच्याच वाट्याला सर्वांत विटके येते. म्हणून बाद झालेले जॅकेट मुकादमाने स्वतः कात्रीने कापून टाकावे आणि नोंदवहीत तसे लिहावे.