कंपवात आणि मेंदूतले लोह: वडिलांच्या लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात का?

वडिलांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आहे आणि रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्याही सुरू आहेत. मेंदूतल्या पेशी लोहामुळे मरतात असे वाचनात आल्याने त्या बंद कराव्यात का, आणि शरीरातले लोह काढून टाकणारे औषध द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, वैद्यकी करत नाही. त्यामुळे गोळ्यांचा निर्णय वडिलांच्या डॉक्टरांचाच. मात्र आपण वाचलेल्या गोष्टीमागचे शास्त्र मी सांगू शकते, आणि त्यावरून तरी परस्पर गोळ्या बंद करणे किंवा लोह काढणारे औषध देणे योग्य ठरत नाही.

या पेशीमृत्यूला फेरॉप्टोसिस म्हणतात. हे नाव २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्कॉट डिक्सन, ब्रेंट स्टॉकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. फार दिवस ठेवलेले शेंगदाणे खवट होतात, तेव्हा त्यांतील तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होत असतो, आणि एका रेणूपासून सुरू झालेली ही बिघाडाची साखळी शेजारच्या रेणूंना ओढत पुढे जाते. पेशीचे पटलही मेदाम्लांचेच असते. पेशीत मोकळे लोह असले की हीच साखळी तिथे वेगाने चालते आणि शेवटी पटल फाटते. निरोगी पेशीत जीपीएक्स४ नावाचे, सेलेनियम असलेले विकर (एन्झाइम) ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूच्या साहाय्याने हे खवटलेले मेद सतत निरुपद्रवी करत असते. म्हणून फेरॉप्टोसिसमध्ये लोहाइतकेच, माझ्या मते अधिकच, महत्त्व या पहाऱ्याला आहे. प्रौढ उंदरांच्या चेतापेशींतून जीपीएक्स४ काढून टाकले, तेव्हा प्रेरक, म्हणजे स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या, चेतापेशी मरून त्यांना झपाट्याने पक्षाघात झाला. त्यासाठी आहारात जास्तीचे लोह द्यावे लागले नाही.

कंपवातात ज्या भागातील पेशी मरतात, त्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये लोह वाढलेले आणि ग्लुटाथायोन घटलेले आढळते. शिवाय तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन बनवतात, आणि डोपामिनच्या विघटनातूनही ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात. हे सारे फेरॉप्टोसिसशी जुळते. तथापि बराचसा पुरावा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेला आहे, आणि रुग्णाच्या मेंदूत पेशी नेमकी याच मार्गाने मेली हे दाखवणारी निर्णायक खूण अजून हाती नाही.

मग लोहच काढून टाकले तर? थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त चढवून साचलेले लोह बाहेर काढण्यासाठी दिले जाणारे डेफेरिप्रोन हे औषध यासाठी तपासले गेले. नव्याने निदान झालेल्या आणि लेवोडोपा (शरीरात डोपामिनमध्ये रूपांतर होणारे, कंपवाताचे मुख्य औषध) सुरू न केलेल्या ३७२ रुग्णांवरील युरोपातील चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतील लोह एमआरआयमध्ये खरोखर कमी दिसले, पण ३६ आठवड्यांत त्यांची लक्षणे अधिक बिघडली: लक्षणांच्या मोजपट्टीवर त्यांची वाढ सरासरी १५.६ गुणांची, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची ६.३ गुणांची होती. हा निकाल वाचून मला वाईट वाटले, कारण आशा मोठी होती. त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की डोपामिन बनवणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला स्वतःलाच लोह लागते. लोह काढले की उरलेल्या पेशींचे कामही मंदावते. अल्झायमरच्या रुग्णांवरील ऑस्ट्रेलियातील चाचणीतही याच औषधाने बौद्धिक क्षमतेची घसरण वेगाने झाली. खवटपणा थेट रोखणारे ई जीवनसत्त्वही १९९३ साली निकाल आलेल्या, ८०० कंपवात रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरले होते, त्यामुळे दुकानातून त्याच्या गोळ्या आणून देण्यालाही आधार नाही.

आता आपल्या मूळ चिंतेकडे. मेंदूतील लोहाचा साठा केवळ रक्तातील लोहाच्या पातळीवरून ठरत नाही. रक्त आणि मेंदू यांमधील अडसर लोहाची ये-जा नियंत्रित ठेवतो, आणि रक्तक्षय असलेल्या माणसाच्या मेंदूच्या एखाद्या भागात लोह साचलेले असू शकते. उलट रक्तक्षयावर उपचार न केल्यास थकवा आणि तोल जाण्याची भीती वाढते, जी कंपवातात आधीच असते. मात्र एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारा: लोह लेवोडोपाला पोटातच बांधून ठेवते आणि त्याचे शोषण कमी करते, म्हणून वडील लेवोडोपा घेत असतील, तर दोन्ही गोळ्यांमध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवायला सांगतात.