पंगतीची खरेदी : पाऊस आज पडला, भाजी कधी महागणार?

प्रश्न : काका, नमस्कार. मी कर्वेनगरला राहते. डबे देता देता दीड वर्षापूर्वी छोट्या कार्यांची कामं घ्यायला लागले. यंदा जूनच्या शेवटी एका साठीशांतीची 200 पानं होती. बोलणी फेब्रुवारीत झाली. तेव्हा कोथिंबिरीची जुडी दहा-पंधरा रुपयांना होती, टोमॅटोही स्वस्त. मेनूत कोथिंबीर वडी, टोमॅटोचं सार आणि मटार घातलेला मसालेभात ठरला. कार्याच्या आधी चार दिवस पाऊस थांबलाच नाही. जुडी पन्नासला गेली, तीही निम्मी सडकी. टोमॅटो, मटार, सगळंच चढलेलं. पदरचे साडेपाच हजार गेले. यजमानांकडे जास्त मागायला हवे होते का? आणि हे आधी ओळखता येतं का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, जास्त मागितले नाहीत हे फार चांगलं केलंत. एकतीस वर्षं मी पंगतींसाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात खरेदी केली. ठरलेल्या पैशांपासून फिरायचं नाही, हा नियम कधी मोडला नाही. बदलायची ती भाजी. मात्र भाजी बदलायची मोकळीक बोलणीच्या दिवशीच मागून ठेवावी लागते. ती तुम्ही ठेवली नव्हती, एवढीच चूक.

आता ओळखण्याचं. पाऊस, ऊन किंवा गारपीट एकाच दिवशी झाली तरी प्रत्येक भाजीत तिचा परिणाम वेगवेगळ्या दिवशी दिसतो. हे एकदा मनात बसलं की निम्मी काळजी मिटते.

पालेभाजीत तो दुसऱ्याच दिवशी दिसतो. कोथिंबीर, मेथी, पालक रानात पाण्यात उभे राहतात, पान पिवळं पडतं, काढणीला मजूर चिखलात उतरू शकत नाही. आलेली जुडी मातीने आणि पाण्याने जड. पण पालेभाजी सावरतेही लवकर. कोथिंबीर दीड महिन्यात तयार होते, त्यामुळे उघडीप मिळाली आणि शेतकऱ्याने पुन्हा पेरली की पाच-सहा आठवड्यांत शेकड्याचे, म्हणजे शंभर जुड्यांचे, भाव धाडकन खाली येतात. तुमचं कार्य नेमकं त्या मधल्या खड्ड्यात सापडलं.

टोमॅटोची गोष्ट निराळी, आणि इथे तुम्ही पावसाला उगाच दोष देताय. जूनअखेरचा टोमॅटो एप्रिल-मेच्या उन्हातच कमी झालेला असतो. पारा 38-40 अंशांवर गेला की फुलोरा गळतो, फळ धरत नाही. फुलापासून लाल फळ हातात यायला साधारण दीड महिना जातो. म्हणजे मे महिन्यात पंख्याखालीही घाम निथळत होता, तेव्हाच साराचा हिशेब करायला हवा होता. त्यात उन्हाळ्यात भाव पडलेले असले तर नवी लागवडही कमी होते. 2023 आठवा. मे महिन्यात टोमॅटोला भाव नव्हता, जुलैत किरकोळ बाजारात किलोला शंभरी ओलांडली आणि सप्टेंबरात पुन्हा शेतकऱ्यांवर माल फेकून द्यायची पाळी आली. तो ओतलेला टोमॅटो आठवला की मला आजही वाईट वाटतं. जुलैत ओरडणारे आपण सप्टेंबरात गप्प असतो.

मटाराचं तर जूनमध्ये नावच काढू नये. आपल्याकडचा सासवड-पुरंदरचा मटार पहिल्या पावसावर पेरला जातो आणि श्रावणाच्या सुमारास बाजारात येतो. थंडीत तो मध्य प्रदेश, राजस्थानकडून भरपूर येतो. जूनच्या शेवटी मिळतो तो लांबचा, महाग आणि प्रवासाने पिठूळ झालेला. त्या दिवसांत मसालेभात तोंडल्याचाच करावा, आणि माझ्या मते तो मटाराच्या भातापेक्षा सरस लागतो. थंडीत उलट करायचं. तोंडल्याचा वेल तेव्हा कमी धरतो आणि मटार स्वस्त असतो.

माझा एक प्रसंग सांगतो. नोव्हेंबरातलं लग्न होतं, तुळशीचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. अवकाळी पाऊस येणार असं कळलं म्हणून मी हुशारीने आदल्या दिवशीच शंभर जुड्या उचलल्या. जुड्या ओल्या होत्या. तशाच पोत्यात दाबून कार्यालयात ठेवल्या. पहाटे पोतं उघडलं तर आतून वाफ आली आणि मधल्या सगळ्या जुड्या काळ्या पडलेल्या. आमच्या आचाऱ्यांनी एक शब्द न बोलता कोबी किसायला घेतला आणि कोबीच्या वड्या पानात गेल्या. पाहुण्यांनी मागून खाल्ल्या, पण यजमानीणबाईंना मी कोथिंबीर वडीचा शब्द दिला होता. त्यांच्यासमोर उभं राहताना मान वर होत नव्हती. तेव्हापासून ओली पालेभाजी आली की आधी जुड्यांचे बंद सोडायचे, कोरड्या बारदानावर पातळ पसरायच्या, वर पंखा. पाणी मारायचं नाही. धुणं चिरायच्या आधीच.

आता कागदावर काय लिहायचं ते. ‘टोमॅटोचं सार’ लिहू नका, ‘सार’ लिहा. टोमॅटो आटोक्यात असला तर टोमॅटोचं, नाहीतर आमसुलाचं, नारळाचं दूध घालून. ‘कोथिंबीर वडी’ऐवजी ‘वडी’ : पावसाळ्यात अळूची, थंडीत कोथिंबिरीची, अडचणीत कोबीची. ‘मसालेभात, हंगामी भाजी घालून’. खाली एक ओळ : कार्याच्या आठ दिवस आधी फोन करून भाज्या पक्क्या करू. यजमानांना हे वाचून दाखवा, नुसतं छापून देऊ नका. बहुतेकजण हो म्हणतात, कारण त्यांनाही घरी तोच भाव मोजावा लागतो. जो अमुकच भाजी हवी म्हणून अडून बसेल, त्याला त्या एका पदार्थाचा दर त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे लागेल, असं तिथेच सांगा.

आठवड्यातून एकदा सोमवारचा पेपर उघडून रविवारची मार्केट यार्डातली आवक वाचत जा. रविवारी माल सर्वांत जास्त येतो. भावापेक्षा गाड्या किती आल्या ते पाहा. फळभाज्यांचे भाव दहा किलोंचे आणि पालेभाज्यांचे शंभर जुड्यांचे दिलेले असतात, ते लक्षात ठेवा. तुमच्या दारातला भाव त्याहून बराच वर असणार. शिवाय एका आडत्याशी, म्हणजे यार्डात शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्याशी, ओळख ठेवा. ‘परवा माल कसा येईल?’ या प्रश्नाचं त्याचं उत्तर मला कधी वाया गेलेलं आठवत नाही.

प्रश्न : नोव्हेंबरात तीन लग्नं आहेत. कांदा आत्ता स्वस्त आहे तेव्हाच पोती भरून ठेवू का?
— एक केटरर, हडपसर

उत्तर : नको. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि शेतकरी तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, ठेवतो. चाळीला चारी बाजूंनी वारा लागतो, म्हणून तो दिवाळीपर्यंत टिकतो. तुमच्या गाळ्यात पावसाळी दमट हवेत त्याला आधी कोंब आणि मग वास येईल. पंधरा दिवसांपलीकडचा साठा करू नका. त्याऐवजी एप्रिलमध्ये काय झालं होतं ते आठवा. काढणीच्या दिवसांत पाऊस किंवा गारा झाल्या असतील, तर तो कांदा चाळीत टिकत नाही आणि टंचाई ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणवते. 2023 मध्ये असंच झालं होतं. तशी खूण असेल तर नोव्हेंबरचा दर सांगताना कांदा आत्ताच्या भावाने धरू नका.

प्रश्न : मार्चअखेरच्या लग्नात मुलीकडच्यांना आमरस हवाय. जमेल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : मिळेल, पण वाटीला एक हापूस धरला तर त्या दिवसांतला खर्च झेपणार नाही. मार्चचा आंबा हा पहिल्या मोहोराचा, थोडाच असतो. भरपूर आवक एप्रिलच्या मध्यापासून. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला आणि थंडी उशिरा पडली, तर मोहोर लांबतो आणि आंबाही. म्हणून दिवाळीनंतर कोकणात गारठा कधी पडतो याची चौकशी करा आणि मगच शब्द द्या. तोवर कागदावर ‘श्रीखंड किंवा आमरस’ असं लिहा.